‘पेनिन्सुला’ बघून घोर निराशा झाली : झोंबी हजारो, भीती एकाचीही नाही

घणसोलीकर :
शेवट फोडणार आहे, ज्यांना बघायचाय त्यांनी आधी बघून या.

शनिवारी रात्री भावासोबत ‘पेनिन्सुला’ बघितला. २०२० चा कोरियन पिक्चर, ‘ट्रेन टू बुसान’चा पुढचा भाग, दिग्दर्शकही तोच, येऑन सांग-हो. साथ पसरून चार वर्षं झालीत, सगळा देश ओस पडलाय, आणि हाँगकाँगमध्ये निर्वासित म्हणून राहणारा एक माजी सैनिक दोन कोटी डॉलर भरलेला ट्रक आणायला परत तिकडे जातो. एवढं ऐकूनच मी सावरून बसलो होतो. आणि मग काय, कार चेज, गोळीबार, परत कार चेज. झोंबी गाडीखाली चिरडायला ठेवलेत, रस्त्यावरचे स्पीडब्रेकर असावेत तसे. एकदाही पोटात गोळा आला नाही.

पहिला पिक्चर आठवा. जागा केवढी, तर गाडीचे डबे. नवव्या डब्यातून निघायचं, तेराव्यात अडकलेल्यांना घ्यायचं आणि पंधराव्यात पोचायचं, बस एवढंच, पण तिथे दर डब्यागणिक श्वास अडकतो. काचेवर ओले पेपर चिकटवले की त्यांना आपण दिसत नाही, बोगद्यात अंधार झाला की ते आंधळे होतात, मग सामानाच्या रॅकवरून सरपटत जायचं. नियम दोनच, पण शेवटपर्यंत पाळलेत. मी लहानपणी डोंबिवलीला मामाकडे जायचो तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची, १९१६ चा बोगदा, एक किलोमीटरहून जास्त लांब, आत शिरलो की सगळा डबा एकदम गप्प व्हायचा. ‘बुसान’मधला बोगदा बघताना मला तीच शांतता आठवली होती. पेनिन्सुलात पण आवाज आणि उजेडाचा नियम आहे, पण तो वापरलाय कशाला, तर रिमोटच्या खेळण्यातल्या गाडीने झोंबी पळवायला.

माझं म्हणणं एवढंच आहे की भीती गर्दीने वाढत नाही, जागा कमी पडली आणि माणूस आपला असला की वाढते.

कोपरी ईस्ट :
अजिबात पटलं नाही. तुम्हाला दुसरी ट्रेन हवी होती आणि ती मिळाली नाही, तो राग या पिक्चरवर काढताय. परत डबा, परत बाप-लेक दाखवले असते तर ‘नवीन काही सुचत नाही का’ म्हणून यालाच शिव्या पडल्या असत्या. हा दिग्दर्शक मुळात ॲनिमेशनवाला, ‘सोल स्टेशन’ ही याच साथीची गोष्ट त्याने २०१६ मध्येच ॲनिमेशनमध्ये केली होती, घर नसलेल्या लोकांच्या बाजूने. प्रत्येक वेळी रूप बदलणं ही त्याची पद्धतच आहे.

आणि झोंबी स्पीडब्रेकर झालेत म्हणता ना, अहो तेच तर दाखवायचंय! गाडी चालवणारी ती जून-ई, तिचं निम्मं बालपण या ढिगाऱ्यात गेलंय. तिला त्यांची भीती कशी वाटेल? तिला ते ट्रॅफिकच वाटणार. शेवटी हेलिकॉप्टरमध्ये त्यांना न्यायला आलेली बाई म्हणते की आता चांगल्या जगात नेते, तर पोरगी म्हणते माझं जग पण काही वाईट नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला तिथे.

घणसोलीकर :
ते वाक्य जबरदस्त आहे, मान्य, मलाही आवडलं. पण त्याच्या आधी काय झालंय? जून-ईची आई ट्रकच्या केबिनमध्ये, बंदूक स्वतःच्या डोक्याला लावलेली, पोरी किंचाळतायत, स्लो मोशन, व्हायोलिन, आणि हे इतका वेळ चालतं की माझा भाऊ उठून पाणी पिऊन आला. शिवाय ती वाचतेच. ‘बुसान’मध्ये बाप चावला गेला तेव्हा त्याच्याकडे मिनिटभरच होता, आणि आपल्याला फक्त त्याची सावली खाली पडताना दिसली. कुठे ती सावली आणि कुठे हे.

पनवेल स्लो :
मी दोघांच्या मध्ये पडतो. पेनिन्सुलाची पहिली काही मिनिटं परत बघा. जहाजाकडे जाताना रस्त्यात एक जोडपं लेकरू घेऊन गाडी थांबवायला हात करतं, आमच्या पोरीला तरी घ्या म्हणतं, आणि हिरो काच वर करून निघून जातो. पुढे त्याच बाईच्या पोरी त्याला वाचवतात आणि तिच्याकडे नेतात. म्हणजे अख्ख्या पिक्चरचा जीव असायला हवा होता हा अपराध. ‘ट्वेंटी एट वीक्स लेटर’ (२००७) ची सुरुवात बघा, नवरा बायकोला घरात सोडून शेतातून धावत सुटतो, आणि पुढचं सगळं संकट त्याच एका पळण्यातून उगवतं. तोही दुसरा भागच, दिग्दर्शक तर पहिल्यापेक्षा वेगळा, तरी जमलं. इथे मात्र तिची माफी दोन वाक्यांत आटोपली आणि सगळे परत ट्रकच्या मागे. कोपरीवाल्यांना म्हणून सांगतो, रूप बदलायला कोणाचीच ना नाही, पण बिया पेरल्या तर पीक घ्यायला नको का.

कोपरी ईस्ट :
हां, हे मात्र खरंय. माफीचा सीन मोठा हवा होता. पण त्या ६३१ नंबरच्या तुकडीतल्या सैनिकांचं काय? लोकांना वाचवायला नेमलेली तुकडीच पकडलेल्या माणसांच्या अंगावर नंबर टाकून त्यांना झोंबींसमोर सोडते आणि वर पैजा लावते. ती भीती नाही का?

कळव्याची सिस्टर :
मी कधी लिहीत नाही पण आज लिहिते. मी नर्स आहे. २०२० च्या जूनमध्ये अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी लोकल सुरू झाली तेव्हा पहिल्या आठवड्यातच मी त्यात होते, एका सीटवर एक माणूस, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. आणि घरी आल्यावर आमच्या बिल्डिंगमधल्या दोन-तीन जणांनी मला सांगितलं की लिफ्ट वापरू नका, जमलं तर काही दिवस दुसरीकडे रहा. मी रोज चार मजले चढायचे, बारा तासांची ड्युटी करून.

‘ट्रेन टू बुसान’ मी त्याच्या नंतर बघितला. जीव मुठीत धरून आलेल्या लोकांना आतले लोक दार उघडत नाहीत, आणि दार फोडून आत आले तर ‘तुम्हाला लागण झाली असेल’ म्हणून दोन डब्यांच्या मधल्या जागेत हाकलतात. मी तिथे पिक्चर बंद केला, पुढचा भाग दुसऱ्या दिवशी बघितला. नंतर ती म्हातारी झोंबींना दार उघडते ना, ती चूक आहे हे कळतं, पण मला तिचा राग आला नाही.

६३१ वाले मला नाही घाबरवू शकले कारण ते पहिल्या सीनपासून राक्षस आहेत. दार न उघडणारे राक्षस नव्हते हो. ते टायवाले, बॅगवाले, घरी जायला निघालेले लोक होते.

घणसोलीकर :
सिस्टर, मला जे सांगता येत नव्हतं ते तुम्ही सांगितलंत. तुमच्या बाबतीत जे झालं ते फार वाईट झालं.

कोपरी ईस्ट :
ताई, यावर वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पेनिन्सुला मला तरीही आवडतो, त्या दोन पोरींसाठी आणि रेडिओवर रोज मदत मागणाऱ्या त्या आजोबांसाठी, ज्यांना सगळे वेडे समजतात आणि शेवटी त्यांचंच हेलिकॉप्टर येतं. पण घाबरायला बसलो तर मी पण ट्रेनच लावेन.

पनवेल स्लो :
ज्यांना पुढच्या भागाचीच धास्ती बसलीये त्यांनी ‘अ क्वाएट प्लेस’चे पहिले दोन भाग ओळीने बघा, २०१८ आणि २०२१. दुसऱ्यात घर सोडून जग मोठं केलंय, पण आवाज केला की मेलात हा नियम सैल केला नाही, आणि ऐकू न येणारी मुलगी पुढे निघते तेव्हा आवाज पूर्ण बंद करतात, तिला जसं ऐकू येतं तसं आपल्याला. हेडफोन लावून बघा, रात्री.

कळव्याची सिस्टर :
उद्या नाइट आहे, परवा सुट्टी. परवा बघते.