वाकडला राहून नाटकं बघायची म्हणजे करायचं तरी कसं?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहायलेय इथं, चुकलं तर सांभाळून घ्या. गाव गंगाखेड, जिल्हा परभणी, जनाबाईचं गाव म्हणलं की लोकांना कळतं. नोकरीसाठी पुण्यात येऊन पाच महिने झाले, ऑफिस हिंजवडी फेज २ ला, राहायला वाकडला पीजीत. आठवडा कॅबमध्ये नाहीतर कॅबची वाट बघण्यात जातो, शनिवारी झोप, रविवारी कपडे धुणं आणि मोबाईलवर सिरीज. रूममेट दोघी चांगल्या आहेत, एक विजयवाड्याची एक रायपूरची, त्यांच्या नादानं कोरियन ड्रामे पण लई बघून झाले, आता तिकडच्या आया पोरांवर काय म्हणून ओरडतात ते सबटायटल न वाचता कळायलंय.

पण मला खरी आवड नाटकाची. परभणीला राज्य नाट्य स्पर्धा असायची तेव्हा आम्ही कॉलेजच्या पोरी एसटीनं जायचो, परतीची शेवटची गाडी चुकली की मैत्रिणीच्या मावशीकडं मुक्काम, मावशी शिव्या पण द्यायची आणि पिठलं पण करायची. व्यावसायिक नाटक आमच्याकडं दौरा लागला तर. म्हणून पुण्यात नोकरी लागली तेव्हा बाकीच्यांनी पॅकेज विचारलं आणि मी मनात म्हणलं आता दर आठवड्याला नाटक. पाच महिन्यात किती बघितली माहितीय का? शून्य.

म्हणजे एकदा गेले होते. थेटरचं नाव घेत नाही. दोन बस बदलून धापा टाकत पोचले आणि खिडकीवर विचारलं, काका नाटक कधी सुरू व्हायलंय? आतले काका म्हणाले "व्हायलंय नाही, झालंय", आणि बाजूचे दोघं हसले. नाटक खरंच सुरू झालेलं होतं, चूक माझीच, पण ते कशाला हसले हे न कळायला मी काय लहान आहे का. बाहेर येऊन एक मस्तानी प्यायले आणि परत गेले. त्यानंतर हिंमतच झाली नाही.

तर विचारायचं असं की कुठं कुठला प्रयोग आहे हे तुम्हाला कळतं कसं, एकटी मुलगी नाटक बघून वाकडला परत कशी येते (पीजीचं गेट साडेदहाला बंद होतं), आणि तिसरं जरा लाजत लाजत, पुण्यातल्या कॉलेजात न शिकलेल्या माणसाला इथं कुणी नाटकाच्या ग्रुपमध्ये घेतं का? स्टेजवर नाही हो, मागं, सामान उचलायला वगैरे.

पेठेतला_जुना

पेपरात नाटकांच्या जाहिराती येतात. पेपर म्हणजे कागदाचा. नाट्यगृह, वार, वेळ सगळं त्यात असतं. वेळा साधारण ठरलेल्या, दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच, रात्री साडेनऊ. आपण उशिरा पोचलात हा नाट्यगृहाचा दोष नव्हे. हल्ली मोबाईलवरही तिकिटं मिळतात म्हणे, आमची सून काढते.

सुरुवात बालगंधर्वपासून करावी. १९६८ सालचं आहे, पुलंनी त्यात जातीनं लक्ष घातलं होतं. बाल्कनीचं तिकीट काढायला लाजू नये, आम्ही उमेदीची सगळी वर्षं बाल्कनीत काढली, वरून ऐकू नीट येतं आणि पुढच्याचं टक्कल मध्ये येत नाही. मध्यंतरात तिथला बटाटावडा खावा. अंक संपल्यावर उठलात तर रांगेत शेवटी, संपायच्या आधी उठलात तर नटाचा अपमान, यातून ज्याचा त्याने मार्ग काढावा. मोबाईल बंद ठेवावा. सायलेंट नव्हे, बंद. आणि 'व्हायलंय' हा शब्द प्रमाण मराठीत नाही एवढंच त्या गृहस्थांना म्हणायचं असावं.

डांगे_चौक_लाईव्ह

काका तुमची प्रमाण मराठी ठेवा बाजूला, पोरगी रात्री परत कशी जाईल ते सांगा की 😄

हे बघ, मी इचलकरंजीचा, वाकडात सहा वर्षं काढलीत, पहिली दोन वर्षं मी पण हेच करत होतो, नाटक म्हणजे बालगंधर्व नाहीतर कोथरूडचं यशवंतराव आणि तिथं जायचं म्हणजे विद्यापीठ चौकात आयुष्य घालवायचं. मग एका कलीगनं सांगितलं की अरे येड्या तू पुण्यात राहतच नाहीस, तू पिंपरी-चिंचवडात राहतोस! चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, मोठ्या मोठ्या नाटकांचे प्रयोग तिथं पण लागतात, वाकडवरनं त्या मानानं जवळ. पिंपरीत संत तुकारामनगरला अत्रे रंगमंदिर आहे. जाहिरातीत आधी चिंचवड शोध मग बालगंधर्व.

शहरात जायचंच असेल तर बसनं नाहीतर रिक्षानं नाशिक फाटा, तिथून मेट्रो. ती लाईन पीसीएमसी ते स्वारगेट आहे, सिव्हिल कोर्टला उतरून वनाजची मेट्रो पकडायची आणि संभाजी उद्यानला उतरायचं, तिथून बालगंधर्व चालत. सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिरला जायचं असेल तर मेट्रो बदलायची पण नाही, सरळ मंडईला उतर आणि चालत जा, जमिनीखालचं स्टेशन आहे, वर आलीस की दिशा कळत नाही, पहिल्यांदा मी उलटा निघालो होतो. आणि साडेनऊचा प्रयोग तुझ्यासाठी नाहीच, तो संपेपर्यंत बारा वाजतात, मेट्रो नाही बस नाही, कॅबवाले काय भाव सांगतील तेवढं कमी. साडेपाचचा बघ, आठ-सव्वाआठला सुटतो, गेटच्या आत पोचशील. एकदा नाटक सुरू झालं की अंधारात कोण एकटं आलंय आणि कोण दुकटं, कुणाला दिसतंय.

विंगेतली

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते कारण माझं आयुष्य त्यातच चाललंय. घेतात! सामान उचलणारा माणूस कायम कमीच असतो. अभिनय करणारे दहा येतात आणि लेव्हल्स म्हणजे सेटचे लाकडी चौथरे उचलायची वेळ आली की दहाच्या दहा जणांची पाठ दुखते.

मोठ्या थेटरांच्या मागे लागू नकोस आधी. प्रायोगिक नाटकं बघ, शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंच, टिळक रोडला हिराबागेत ज्योत्स्ना भोळे सभागृह, एरंडवण्यात द बॉक्स. जागा छोट्या असतात, नट इतका जवळ असतो की त्याचा घाम दिसतो, आणि मुख्य म्हणजे प्रयोग संपल्यावर लोक लगेच पांगत नाहीत, बाहेर चहा पीत उभे असतात. त्या चहाला थांबायचं. ओळख काढायची. "मला बॅकस्टेज करायचंय" एवढं वाक्य पुरतं, खरंच. कुठल्या कॉलेजची हे विचारतील कारण इथं निम्म्या लोकांची ओळखच पुरुषोत्तम करंडकातून झालेली असते, ती एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि पन्नाशीचे लोकसुद्धा अजून आपापल्या वर्षाच्या गोष्टी सांगतात, त्याला घाबरू नकोस. पावसाळ्यात भरतला ती चालू असेल तेव्हा मात्र एकदा जाच, नाटकापेक्षा वरून ओरडणारी पोरं बघायला.

पैसे मिळत नाहीत हे आधीच सांगते. उलट चहाचे, झेरॉक्सचे, कधीकधी टेम्पोचे पण आपलेच जातात. तालमी ऑफिस सुटल्यावर, सात ते दहा, म्हणजे तुझ्या गेटचा प्रॉब्लेम आहे, पण शनिवार-रविवार सकाळी पण असतात. आणि कुणी "वर्कशॉपचे वीस हजार भर, सिरीयलमध्ये काम देतो" म्हणालं तर तिथून चालायला लाग, मी भरून बसले होते.

भाषेचं म्हणशील तर 'जिगीषा'वाले तेव्हाच्या औरंगाबादहूनच मुंबईला गेले, चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी वगैरे. मराठवाड्यातल्या माणसांनी नाटक कसं करावं हे खिडकीतल्या काकांना विचारून केलं नाही. आमच्या ग्रुपमध्ये आत्ता एका नाटकात परभणीकडची आजी आहे आणि ती करणारी मुलगी कर्वेनगरची, 'करायलेय' म्हणताना तिची जीभ इतकी अडखळते की आम्ही सगळे डोळे मिटून बसतो. तू आलीस तर तिला बोलायला शिकव. मेसेज केलाय, बघ.

फिल्लमबाज

नाटकवाले कायम नाटकात ओढतात, मी जरा पिक्चरचं बोलतो. लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्ह आहे, १९६४ चं, तिथं पडद्यावर जुने आणि बाहेरदेशचे पिक्चर दाखवतात, आशय फिल्म क्लबचं सभासदत्व घेता येईल का बघ, कोरियन ड्रामा बघून तयार झालेला माणूस कोरियन सिनेमाला लगेच लागतो, स्वानुभव. जानेवारीत साधारण पिफ म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, तेव्हा सुट्टी टाक, ताप आला म्हणून सांग, आम्हाला सगळ्यांना जानेवारीतच ताप येतो. आणि जुनेकाका, ज्या प्रभातचा पुण्याला एवढा अभिमान ती कंपनी १९२९ ला निघाली कोल्हापुरात आणि पुण्यात आली १९३३ ला. तिच्याच जागेत पुढे १९६० ला फिल्म इन्स्टिट्यूट झालं. म्हणजे ती पण बाहेरूनच आलेली, पीजीत राहिली नाही एवढंच.

पेठेतला_जुना

प्रभातचा इतिहास आम्हाला सांगू नये. आमच्या वडिलांनी तिथले सेट बघितले आहेत. बाकी मुद्दा मान्य.

गोदाकाठची

तीन आठवड्यांनी लिहायलेय, सॉरी, रिलीज होतं ऑफिसात. सगळ्यांना लई लई थँक्यू. चिंचवडला साडेपाचचं नाटक बघितलं, बाल्कनीत, एकटीनं! शेजारी एक आजी होत्या, त्यांनी मध्यंतरात विचारलं कुणाबरोबर आलीस, म्हणलं एकटीच, तर म्हणाल्या बरं झालं, मी पण, आणि पर्समधनं लाडू काढून दिला. फिल्म अर्काइव्हला अजून जमलं नाही, जानेवारीच्या तापाची तयारी ठेवलीय.

आणि विंगेतली ताईच्या ग्रुपमध्ये जायलेय, दर शनिवार-रविवार. आजी करणारी मुलगी आता 'करायलेय' बरं म्हणते पण 'कामून' म्हणलं की अजून गडबडते, मी तिला रोज माझ्या आईशी फोनवर बोलायला लावलंय, आई म्हणती ही कोण पोरगी आहे, हिला सर्दी झालीय का. माझ्याकडं प्रॉपर्टी दिलीय म्हणजे स्टेजवरच्या वस्तू. मला आधी वाटलं जमिनीचं काहीतरी आहे.

तर काम असं की आजीला दुसऱ्या अंकात सुपारी कातरत बसायचंय आणि आमच्याकडं अडकित्ता नाही. तुळशीबागेत बघितला, नवा चकचकीत मिळतो, पण आजीच्या हातात तो खोटा दिसतो. कुणाकडं घरात जुना पडलाय का, पितळी असेल तर उत्तम? फक्त चार प्रयोगांपुरता पाहिजे, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

पेठेतला_जुना

आहे. आमच्या आईचा. धार अजून आहे, त्यामुळे नटीने बोटं सांभाळावीत. पत्ता मेसेज करतो. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. परत आणून द्यावा, आणि येताना प्रयोगाची दोन तिकिटं आणावीत, बाल्कनी नसेल तर मागची रांग चालेल.