प्रोनसाठी (पोटावर पडून रायफल मारायला) मॅट कोणती घ्यावी? क्लबच्या मॅटवर कोपर जातंय

खैरणेची_नेमबाज

नमस्कार मंडळी. कॉलेजात एनसीसीला होते तेव्हा मैदानात ग्राउंडशीट टाकायची, पोटावर पडायचं आणि .२२ मारायची, मॅट बिट हा प्रकारच माहीत नव्हता. मग नोकरी, लग्न, मुलगा यात सगळं सुटलं. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेचं ब्रॉंझ आलं आणि परत खाज सुटली, आता ठाण्याच्या बाजूला एका क्लबात जाते, रायफल क्लबचीच, जॅकेट आणि स्लिंग (रायफल दंडाला बांधायचा पट्टा) पण सध्या तिथलंच. फक्त प्रोन मारते, उभं राहून मारायची हौस नाही.

प्रॉब्लेम असा की क्लबची मॅट मधोमध पार बसलीय, डाव्या कोपराला खालची फरशी लागते. अर्ध्या तासाने डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झिणझिणायला लागतं. शिवाय पावसाळ्यात तिला जो वास येतो तो काय सांगू, तोंड त्याच्याच जवळ असतं ना. घरात १० एमएमची योगा मॅट पडून आहे, ती नेली तर चालेल का? ऑनलाइन शूटिंग मॅट म्हणून ज्या दिसतात त्यातल्या बऱ्याच आतून कशा आहेत ते फोटोवरून कळत नाही आणि किमती बघून नवरा म्हणतो सोफावाल्याकडून फोम आणून देतो. कोपरखैरणे ते ठाणे लोकलने जाते, त्यामुळे उचलायला सोपी हवी. आणि घरी पण वापरता आली तर उत्तम, होल्डिंगची (गोळी न मारता रायफल धरून राहायची) प्रॅक्टिस आणि सकाळचा योगा दोन्ही होईल.

लेन_नंबर_चार

कोपरखैरणेत राहून कोपराची तक्रार, वा ताई वा 😄

योगा मॅट नका नेऊ. ती १० एमएमवाली जाड मॅट बहुतेक एनबीआरची (एक प्रकारचा रबरी फोम) असते, हाताला मस्त मऊ लागते पण सगळं वजन एका टोकावर आलं की तिथे खड्डा पडतो आणि तुम्ही परत फरशीवरच. वरून ती रबरासारखी ताणते, म्हणजे कोपर जागेवर आहे असं वाटतं आणि मॅटच पुढे सरकलेली असते. जॅकेटच्या कोपराला जे खरखरीत रबर असतं त्याने महिन्याभरात पापुद्रे निघतील ते वेगळंच.

ठाणेकर_काका

ताई, मऊ मॅट म्हणजे चांगली मॅट ही समजूत आधी डोक्यातून काढा. गादीवर झोपायचं नाहीये, कोपर रोवायचंय. प्रोनमध्ये डावं कोपर म्हणजे तुमचा खुंटा, पूर्ण मॅच तो हलता कामा नये.

एक साधा हिशोब सांगतो. पुढचा हात आणि खांदा यात साधारण ७० सेंटिमीटर अंतर धरा. खांदा तिथेच राहिला आणि कोपर फोममध्ये रुतून हात १ मिलिमीटर खाली गेला तर ५० मीटरवर नेम जवळजवळ ७ सेंटिमीटर खाली जातो. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाची रिंग १०.४ मिलिमीटर व्यासाची आणि सगळ्यात बाहेरची एकची रिंग १५४.४ ची, म्हणजे तुम्ही दहातून निघून पार पहिल्या रिंगेच्या आसपास पोचलात. आता तुम्ही काय आंधळ्या नाही, साईटमध्ये दिसतं आणि तुम्ही रायफल वर घेता. पण कशाने घेता? खांद्याने, दंडाने, स्नायूने. मग एनपीए (नॅचरल पॉइंट ऑफ एम, म्हणजे स्नायू न ताणता रायफल आपोआप जिथे रोखली जाते ती जागा) गेला, आणि पंधरावीस गोळ्यांनंतर हात थरथरतो तेव्हा आपण एम्युनिशनला शिव्या घालतो. म्हणून फोम असा हवा की पहिल्यांदा पडल्यावर जेवढा दबायचा तेवढा दबेल आणि मग तिथेच थांबेल. सोफ्याचा फोम, तो नवीन असताना कितीही भारी वाटला तरी, दबतच राहतो.

दुसरी गोष्ट घसरणं. रेक्झिनचं कव्हर असलेल्या मॅट दिसायला चकाचक, पुसायला सोप्या, पण घाम आला की कोपर पुढे सटकतं. कोपर पुढे गेलं की नळी खाली. ग्रुप (टार्गेटवरच्या गोळ्यांचा पुंजका) हळूहळू खाली उतरत चाललाय आणि साईटला हात लावलेला नाही, असं दिसलं तर आधी कोपर बघायचं.

आता नियमाचं. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) नियमांत मॅच भरवणाऱ्यानेच मॅट पुरवायची असते, स्वतःची मॅट चालत नाही. त्या मॅटचं माप ठरलेलं आहे: पुढचा तुकडा साधारण ५० बाय ७५ सेंटिमीटर, जाडी ५० मिलिमीटरच्या वर नाही, आणि जॅकेटची जाडी मोजायच्या यंत्राने दाबल्यावर १० मिलिमीटरपेक्षा कमी होता कामा नये. ते यंत्र म्हणजे ३० मिलिमीटरच्या चकतीवर ५ किलो वजन. मागचा भाग पण ५० च्या आतच, आणि एकूण मॅट किमान ८० बाय २०० सेंटिमीटर. हे माप लक्षात ठेवून प्रॅक्टिसची मॅट घ्या म्हणजे मॅचला गेल्यावर परक्या घरी झोपल्यासारखं होत नाही. घरी सहा इंची गादीवर प्रॅक्टिस केली आणि बालेवाडीला जाऊन टणक मॅटवर पडलात तर साईटर्स (मॅचआधीच्या सरावाच्या गोळ्या) संपेपर्यंत पोझिशनच बसणार नाही.

घणसोली_एक्सप्रेस

काका नियम बरोबर आहेत पण क्लब लेव्हलला आणि छोट्या मॅचना आपापल्या मॅट आणा असंच सांगतात की राव. ताई काय उद्या वर्ल्ड कपला चालल्यात का. माझं म्हणणं पैसे असतील तर तयार मॅट सरळ घेऊन टाका, एकदाच खर्च, कोपरांच्या जागी ग्रिपचे पॅच लावलेले असतात, पट्टा असतो, घडी होते. हे फोम आणा, कापा, शिवा यात अर्धा सीझन जातो आणि शेवटी क्लबच्याच मॅटवर पडतो माणूस.

ठाणेकर_काका

घ्या की, तयार घ्यायला मी कुठे नाही म्हणतोय. पण बऱ्याच ‘शूटिंग मॅट’ या शिकारीवाल्या आणि लाँग रेंजवाल्या लोकांसाठी बनवलेल्या असतात, बायपॉड (रायफलीचा दोन पायांचा स्टँड) टेकवायला पुढे पट्टा, मॅगझिनचे खिसे, गोळ्यांचे खिसे, आणि फोम बघाल तर जेमतेम. ते लोक रायफल बायपॉडवर ठेवतात, कोपरावर आपल्याइतका भार येत नाही. स्लिंग लावून मारणाऱ्याला त्या खिशांचा काडीचा उपयोग नाही. आणि छोट्या मॅचना आपापली आणा म्हणतात हे खरंय, म्हणूनच एंट्री भरतानाच विचारून घ्यायचं.

दुखतंय_कुठे

मी फिजिओ आहे, शूटर नाही, पण माझ्याकडे दोनचार नेमबाज येतात म्हणून लिहिते. करंगळी आणि शेजारचं बोट झिणझिणतं म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूच्या खोबणीतून जी नस जाते, अल्नर नर्व्ह, ती दबतेय. कोपर कुठे आपटलं की करंट बसतो ना, तीच. पातळ मॅट हे एक कारण झालं, पण नुसती मॅट बदलून भागेलच असं नाही, कोपर त्या खोबणीवर टेकत असेल तर जाड मॅटवर पण तेच होणार. कोचला समोर बसवून कोपर जरासं फिरवून बघा, टेकण्याची जागा बदलते. स्लिंग दंडावर फार वर आणि फार घट्ट असेल तर पूर्ण हात जड पडतो, आणि माझे पेशंट सांगतात की साईटमध्ये नाडीचे ठोके दिसतात, ते वेगळं प्रकरण. उठल्यावर पाचदहा मिनिटांत झिणझिण्या गेल्या तर ठीक, रात्री झोपेत पण येत असतील किंवा पकड कमी वाटत असेल तर डॉक्टरला दाखवा आणि तोपर्यंत प्रोन बंद.

रबाळे_जुगाड

मी स्वतः बनवलीय, तीच वापरतो, म्हणून सविस्तर सांगतो, घणसोलीवाल्या भाऊंनी रागावू नये.

सोफावाल्याकडे जाऊ नका, त्याच्याकडे पीयू फोम असतो, तो ३२ डेन्सिटी ४० डेन्सिटी असं काय काय सांगेल, कितीही डेन्सिटी घेतली तरी तो स्पंजच, पाणी पितो, आपल्याकडच्या पावसाळ्यात तो कधी वाळतच नाही आणि मग तुम्ही म्हणताय तसा वास येतो. क्लबची मॅट शंभर टक्के तीच असणार. तुम्हाला हवा तो ईव्हीए किंवा एक्सएलपीई, बंद पेशींचा, पाणी शोषत नाही. पॅकिंगचं मटेरियल विकणाऱ्यांकडे शीटमध्ये मिळतो, कराटे-ज्युदोच्या इंटरलॉकिंग मॅट असतात त्यातली टणक असेल ती पण चालते, फक्त त्यांचा जोड कोपराखाली येऊ द्यायचा नाही.

दुकानातच टेस्ट करायची, लाजायचं नाही. तुकडा जमिनीवर ठेवायचा, गुडघ्यावर बसायचं आणि डावं कोपर त्यावर टेकवून अंगाचा भार द्यायचा, मिनिटभर तसंच थांबायचं. फरशी लागली तर बाद. फरशी लागत नाही पण कोपर एका जागी ठरत नाही, डुगडुगतं, तर ते पण बाद. दुकानदार बघत राहतो, बघू दे.

मी काय केलं, खाली पूर्ण लांबीचा १० एमएम ईव्हीए, आणि पुढच्या भागाला काकांनी सांगितलं त्या मापाचा दुसरा तुकडा, जरा जाड. दोन्ही मिळून ५० च्या बरंच खाली राहतं. चिकटवलं नाही, गाडीच्या सीट कव्हरवाल्याकडून जाड कॅनव्हासची पिशवी शिवून घेतली, एका बाजूला चेन, म्हणजे फोम काढून कव्हर धुता येतं. कोपरांच्या जागी त्यानेच स्वेडचे तुकडे मारून दिले. खालून मॅट टाइल्सवर सरकते, त्याला गालिच्याखाली घालतात ती रबराची जाळी टाकायची, बास. तयार मॅटच्या निम्म्यापेक्षा कमी पैशात झालं.

घडीचं मात्र बघा. तीन घड्यांची केली तर पहिली मोड पुढून साधारण ६५ सेंटिमीटरवर येते, ती छातीखाली जाते, त्रास नाही. चार घड्यांची केली तर मोड ५० वर येते आणि मोठ्या माणसाचं कोपर तिथेच कुठेतरी पडतं. आधी जमिनीवर पोझिशनमध्ये पडा, घरच्यांना खडूने खूण करायला सांगा, मग कापा. मी तर सुरळीच करतो, ८० सेंटिमीटरची उभी सुरळी खांद्याला लावली की झालं, फक्त ठाणे-वाशी लोकलला संध्याकाळी चढताना मागच्याच्या नाकात जाते.

उन्हात वाळत घालू नका, ईव्हीए तापला की आकसतो आणि वाकतो. गाडीच्या डिकीत पण नाही.

खैरणेची_नेमबाज

बापरे, इतकं लिहाल वाटलं नव्हतं, सगळ्यांना थँक्यू. फिजिओ ताई, रात्री नाही होत झिणझिण्या, उठलं की जातात, पण कोचला दाखवते. जुगाडवाली मॅट करावीशी वाटतेय, नवऱ्याला काम मिळेल. घरी योगाचं कोणी बोललं नाही? तीच अंथरली तर चालेल ना, मुलगा पण लोळेल तिच्यावर, आत्ताच विचारतोय.

लेन_नंबर_चार

नाही ताई, हे अजिबात नको, बरं झालं विचारलंत. .२२ ची गोळी शिशाची असते आणि काडतुसाच्या बुडाच्या कडेत जो पेटवायचा मसाला असतो त्यात पण शिसं असतं, गोळी सुटली की त्याची धूळ उडते आणि ती बसते फायरिंग पॉइंटवर, म्हणजे तुमच्या मॅटवर. इनडोअर रेंज असेल तर आणखी जास्त. लहान मुलांना शिसं मोठ्यांपेक्षा जास्त बाधतं. रेंजची मॅट रेंजलाच, किंवा घरी आणलीत तर मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत बांधून बाल्कनीत. झटकायची नाही, काठीने बदडायची तर मुळीच नाही, ओल्या फडक्याने पुसायची आणि ते फडकं टाकून द्यायचं. कव्हर धुवाल तेव्हा घरच्या कपड्यांत नाही. रेंजवरून निघताना हात साबणाने कोपरापर्यंत धुवा, मगच वडापाव.

घरच्या होल्डिंगसाठी वेगळा तुकडा ठेवा, त्याच ईव्हीएच्या शीटमधून उरतोच.

घणसोली_एक्सप्रेस

हे मला पण माहीत नव्हतं. माझी मॅट दोन वर्षं बेडखाली आहे, आज बायको वाचेल तर मॅट आणि मी दोघं बाहेर.

ठाणेकर_काका

लेन चारने लाख मोलाचं सांगितलं. ताई अजून एक, तुम्ही पाठीचं काही बोलला नाहीत पण वयानुसार बोलालच. उजवा गुडघा थोडा वर ओढून घेता का? घेत नसाल तर कोचला विचारा. त्याने पोट जमिनीवरून जरा सुटतं, श्वास मोकळा होतो आणि पोटातले ठोके रायफलीत कमी जातात. त्यासाठी मॅट रुंद हवी, ८० च्या खाली गेलात तर गुडघा फरशीवर. काही जण लोकलचा विचार करून ६० ची करतात आणि मग रडतात.

आणि प्रोनच मारायचं म्हणताय तर मारा बिनधास्त. पुरुषांचं प्रोन २०१६ नंतर ऑलिंपिकमधून गेलं हे खरं, पण थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून) ते आहेच, आणि कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड प्रोनमध्येच मारलं होतं, ६०० पैकी ५९७.

खैरणेची_नेमबाज

५९७! मी अजून पाचशेच्या अलीकडे पलीकडे आहे काका. गुडघा ओढत नव्हते, बघते. ८० रुंद, सुरळी, कॅनव्हास, पक्कं. रबाळेदादा, तो सीट कव्हरवाला कुठला, आणि कापड आपण न्यायचं का त्याच्याकडे असतं?

रबाळे_जुगाड

कापड न्या, त्याच्याकडे रेक्झिनच जास्त असतं आणि तो तेच गळ्यात मारायला बघतो. ताडपत्री-कॅनव्हासच्या दुकानातून जाड सुती कॅनव्हास घ्या, शिवायच्या आधी एकदा पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात आकसून फोम आत जाणार नाही. पत्ता मेसेज करतो, रविवारी दुपारनंतर बंद असतो.