नवीन वर्षात पळायचं काय ठरवलंय? अनुभव लिहा

रानजाई:
सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात माहेरी आलेय. आज पहाटे मोटर चालू करायला उठले तर डांबरी रस्त्यावर पोरी पळत होत्या. पोलीस भरतीची तयारी. एकीच्या हातात मोबाईलवर वेळ लावलेली, बाकीच्या आठशे मीटरला. शाळेत मीपण आठशेच पळायचे, फुफाट्यातून, अनवाणी. लग्नानंतर सुटलं ते सुटलंच.
ललिता बाबर याच तालुक्यातली, मोहीची. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलमध्ये दहावी आली, त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसायला जागा नव्हती. त्या पोरींना बघून ते सगळं आठवलं.
तर माझं ठरलं. गुढीपाडव्यापर्यंत सलग अर्धा तास पळायचं. वेग नाही, अंतर नाही. सध्या दोन मिनिटं पळते, एक मिनिट चालते. तुमचं काय ठरलंय? कसं ठरवता?

ठाणेकर_काका:
जानेवारीचा तिसरा रविवार, मुंबई हाफ मॅरेथॉन. मागच्या खेपेला पेडर रोडच्या चढावर चालत गेलो. रस्त्याकडेच्या एक आजी संत्र्याच्या फोडी देत होत्या, त्या खाऊन पुढे सीएसएमटी गाठलं. यंदा घरासमोरच्या फ्लायओव्हरवर चढाचा सराव चाललाय.

घाटवाट:
काका, चढाचं सोडा, उताराचा सराव करा! साताऱ्याच्या हिल हाफला यवतेश्वरचा घाट सगळे जपून चढतात आणि उतरताना सुसाट सुटतात. मांड्या तिथे जातात. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. माझं यंदाचं ध्येय: उतारावर लहान पावलं.

मी_मुक्ता:
ताई, भरतीच्या मुलींचं वाचून छान वाटलं. माझी भाची पण तयारी करतेय. मुलींना ८००, मुलांना १६००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. ती रोज आठशेच पळायची, वेळ कमीच होईना. सरांनी आठवड्यातून एकदा लांब आणि सावकाश पळायला सांगितलं, तेव्हा फरक पडला. आता कुकर लावलाय, नंतर येते.

शिकागोकर:
इकडे तळ्याकाठचा रस्ता सुंदर आहे, पण जानेवारीत वारा अंगावर घेऊन पळणं मला जमत नाही. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी फक्त 'आठवड्यातून तीन वेळा', ट्रेडमिल का असेना. किलोमीटर मार्चपासून मोजायचे. थंड देशातल्या लोकांनी एक जानेवारीला मोठे आकडे ठरवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

आप्पा_नाशिक:
मला साखर आहे. नाश्त्याआधीची रोजची साखर वरखाली होते, तिच्यावर ध्येय ठेवलं की मन खट्टू होतं. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी मार्चअखेर करणार, तेच माझं पदक. गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारून पळा, खिशात साखरेची पुडी ठेवा. आमच्या जिल्ह्याची कविता राऊत पाण्यासाठी डोंगरवाटा तुडवत मोठी झाली आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य घेऊन आली. तिचं नाव घेतलं की मला घरी बसवत नाही.

टेकडीवाली:
मी पहाटे पळत नाही. कुत्री आणि अंधार. आमच्या इथे दिवे बंद असतात, तक्रार करून झाली. उजाडल्यावर पुण्यातली वेताळ टेकडी, मैत्रिणीबरोबर. बायकांनी ध्येय ठरवताना 'कुठे आणि कोणाबरोबर' हे आधी लिहावं, किलोमीटर नंतर.

रानजाई:
@टेकडीवाली अगदी खरं. इथल्या पोरीपण घोळक्यानेच पळतात, मागे कुणाचा तरी भाऊ मोटारसायकलवर.

घाटवाट:
लांब पळताना काय खाता? पळताना खायचं एनर्जी जेल मला उलटतं.

मी_मुक्ता:
आले. राजगिऱ्याचा लाडू! तोंड सुकतं मात्र, पाणी हवंच.

ठाणेकर_काका:
खजूर. बी काढून.

शिकागोकर:
संक्रांत आलीच आहे, तिळाची वडी चालेल का?

मी_मुक्ता:
चिक्कीच्या गुळाची केली असेल तर दाताला चिकटते, पळताना त्रास. मऊ वडीला गुळाचा पाक कच्चा ठेवा, कूट जास्त.

नवखा_पळू:
बूट किती रुपयांचे घ्यावेत? महागडे घेतले नाहीत तर गुडघे जातात म्हणे. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये लता करे तर नऊवारीत अनवाणी धावल्या आणि जिंकल्या.

आप्पा_नाशिक:
लताबाई नवऱ्याच्या उपचारासाठी धावल्या हो. ती वेळ कुणावर न येवो. तुम्ही बूट पायाला बसतील असे घ्या, अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. पाय दिवसभरात सुजतात, दुकानात संध्याकाळी जा. पळताना दुखणं वाढतच गेलं तर थांबायचं, बूट कितीचेही असोत.

नवखा_पळू:
धन्यवाद आप्पा. आजच संध्याकाळी जातो.

रानजाई:
आप्पा, माझ्या पुतणीलापण घ्यायचेत, ती कापडी बुटांवर पळतेय. दहिवडीत मिळतील की साताऱ्याला जाऊ?

घाटवाट:
सातारा. राजवाड्याकडे या, मी येतो सोबत. रविवार सोडून.