नवा संगणक, जुन्या फायली: ऑफिस सॉफ्टवेअर निवडतानाचे तुमचे अनुभव

पानोपानी (धागाकर्ती)
गेल्या आठवड्यात घरी नवा लॅपटॉप आला. जुना अजून चालतो; पण विंडोज १० चा नेहमीचा आधार (कंपनीकडून येणारी अद्यतने) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला आणि ऑफिस २०१६ व २०१९ यांचाही त्याच दिवशी थांबला, म्हणजे माझ्याकडची दोन्ही जुनी मंडळी एकदमच निवृत्त झाली. नव्या यंत्रावर वर्डचे चिन्ह दिसले म्हणून निर्धास्तपणे दाबले, तर समोर चाचणीच्या मुदतीची पाटी उभी राहिली आणि मला पंधरा वर्षांपूर्वीची एक रात्र लख्ख आठवली.

दुसऱ्या दिवशी प्रबंध सादर करायचा होता आणि संगणक बंद पडला. फाईल पेनड्राइव्हवर होती, दुसरा संगणक मिळाला, पण त्यावर विंडोजऐवजी लिनक्स होते. शिवाय माझे ऑफिस जुन्या संगणकाबरोबरच आलेले. असा परवाना बहुधा त्याच यंत्राशी बांधलेला असतो, हे तेव्हा प्रथमच कळले. ओपनऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडली आणि २१२ पानांचा प्रबंध २१९ पानांचा झाला. मूळ फॉण्ट त्या यंत्रावर नव्हता, बदली आलेल्या फॉण्टची अक्षरे किंचित रुंद होती आणि प्रत्येक पानावरून एखाददुसरी ओळ पुढच्या पानावर घरंगळत गेली. अनुक्रमणिका मी टिंबे देऊन हाताने टाईप केली होती. पहाटे साडेतीनपर्यंत मी पानांचे आकडे बदलत होते.

आता वर्गणी भरावी, कायमचा परवाना घ्यावा की मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसवर जावे, हे ठरत नाही. कृपया सल्ल्याआधी अनुभव लिहा.

अर्धविराम
टिंबे देऊन हाताने केलेली अनुक्रमणिका! आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांनी हे पाप केले आहे, त्यामुळे हसण्याचा अधिकार मला नाही. शीर्षकांना हेडिंगची शैली दिली असती, तर एका क्लिकमध्ये आकडे बदलले असते, असे आता म्हणणे सोपे आहे. हल्ली लिब्रेऑफिसबरोबर कार्लिटो आणि कॅलाडिया हे फॉण्ट येतात. त्यांच्या अक्षरांची रुंदी अनुक्रमे कॅलिब्री आणि कँब्रिया यांच्याइतकीच ठेवलेली आहे. एरियल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन मालिका आहे. दिसायला थोडा फरक पडतो, पण ओळी मोडायच्या तिथेच मोडतात.

हिशेबनीस
माझे उत्तर एका वाक्यात द्यायचे तर फायलींत मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) असल्यास घाई करू नये. मी गेल्या वेळी मोठ्या उत्साहाने सगळे एक्सेलमधून लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये नेले. साधी सूत्रे, फिल्टर, पिव्होट तक्ते व्यवस्थित चालले. परंतु एक्सेलच्या व्हीबीए या भाषेत लिहिलेले तीन मॅक्रो होते, त्यांपैकी एक चालला, दुसरा मध्येच थांबला आणि तिसरा न थांबता चुकीचा आकडा देत राहिला. मला तिसऱ्याची धास्ती वाटते. शेवटी त्या एका फाईलसाठी एक्सेल ठेवले आणि बाकी सर्व लिब्रेऑफिसमध्ये करतो. दोन्ही एकाच संगणकावर सुखाने नांदतात. एकाचीच निवड करायला हवी असा काही दंडक नाही.

दुसरी फजिती पूर्णपणे माझी आहे. सवयीने नोंदी जुन्या एक्सएलएस प्रकारात साठवल्या आणि वर्षाची बेरीज जुळेना. दोन दिवस सूत्रे तपासली. मग सहज शेवटच्या ओळीचा क्रमांक पाहिला, तर ६५,५३६. त्या प्रकारात एका पत्रकावर तेवढ्याच ओळी मावतात, पुढच्या गळून पडल्या होत्या. साठवताना आलेली सूचना मी न वाचताच बंद केली होती. नव्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात.

पानोपानी
@हिशेबनीस, चुकीचा आकडा देणारा मॅक्रो वाचून अंगावर काटा आला. माझ्याकडे मॅक्रो नाहीत, पण सूचना न वाचता बंद करण्याची सवय आहे.

रफार
आपल्याकडे मराठी मजकूर असेल, तर सॉफ्टवेअर निवडण्याआधी फायलींतले फॉण्ट तपासा, असे माझा अनुभव सांगतो. आजोबांनी निवृत्तीनंतर आपल्या आठवणी स्वतः टाईप केल्या होत्या. नव्या संगणकावर फाईल उघडली, तर पानभर रोमन अक्षरे, कंस आणि डॉलरची चिन्हे. मी आधी नव्या सॉफ्टवेअरला नावे ठेवली, नंतर दुसरे टाकून पाहिले, तरी तेच. वस्तुतः त्या फाईलमध्ये मराठी अक्षरे नव्हतीच. होती ती रोमन अक्षरांचीच संकेतचिन्हे, आणि युनिकोडपूर्व (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र संकेत देणारी पद्धत रुळण्याआधीच्या) काळातला तो फॉण्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवत होता. मुखवटा जुन्या संगणकावर राहिला होता.

जुन्या संगणकावरून फॉण्टची फाईल आणली, मग परिवर्तकातून सगळा मजकूर युनिकोडमध्ये नेला. तरीही 'सूर्य'चे 'सूयर्' आणि 'आणि'चे 'आिण' झालेले शेकडो शब्द उरले. रोज संध्याकाळी चार पाने याप्रमाणे ते दुरुस्त केले. त्या निमित्ताने आठवणी प्रथमच नीट वाचल्या, हा फायदा म्हणायचा. आता ती फाईल वर्ड, लिब्रेऑफिसचा रायटर, ब्राउझर, कुठेही उघडली तरी वाचता येते.

जाता_येता
फोनवरून लिहीत आहे, दूध उतू जाण्याआधी संपवते. मी सगळे गुगल डॉक्सवर ठेवते, म्हणून नवा संगणक आला की फक्त लॉगिन करते. मात्र एकदा ड्राइव्हच्या फोल्डरमधल्या फायली पेनड्राइव्हवर कॉपी करून निश्चिंत झाले आणि नेट नसलेल्या ठिकाणी सादरीकरणासाठी उघडायला गेले, तेव्हा समजले की त्या खऱ्या फायली नसून केवळ दुवे होते. डाउनलोड करताना डीओसीएक्स (वर्डचा प्रकार) किंवा पीडीएफ निवडायला हवे होते.

बिनमुदत
वर्गणीचा प्रश्न आला म्हणून लिहितो. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची कुटुंबासाठीची वर्गणी सहा जणांपर्यंत चालते आणि प्रत्येकाला १ टीबी जागा स्वतंत्र मिळते. घरात चार-पाच जण रोज वर्ड-एक्सेल वापरत असतील, तर हा व्यवहार वाईट नाही. मी एकटा असून ती घेतली होती आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण विसरलो. फायली उघडत होत्या, छापताही येत होत्या, पण एक अक्षर बदलता येत नव्हते. स्वतःच्याच पत्राकडे काचेच्या कपाटातल्या वस्तूसारखे पाहत बसलो. तेव्हापासून मी कायमच्या परवान्यावर आहे. त्यालाही आधाराची ठरलेली मुदत असते, हे धागाकर्तीने अनुभवलेच आहे. शिवाय 'होम अँड स्टुडंट' २०२१ सारखे परवाने व्यावसायिक कामासाठी नसतात. घरून काम करणाऱ्यांनी अटी वाचाव्यात.

अर्धविराम
@बिनमुदत, 'काचेच्या कपाटातल्या वस्तूसारखे' फार आवडले. सहा जणांत आम्हाला का घेतले नाही, एवढेच विचारतो.

बिनमुदत
@अर्धविराम, तेव्हा आपली ओळख नव्हती. आता ओळख आहे, पण वर्गणी नाही.

चार_वर्षे_मोठी
मॅकवरून विंडोजवर आले, त्याची गंमत सांगते. जुन्या मॅकवरच्या एक्सेलमध्ये तारखांची मोजणी १९०४ पासून होत असे, विंडोजवर ती १९०० पासून होते. आख्खी फाईल उघडली असती, तर काही बिघडले नसते, कारण कोणती मोजणी वापरली आहे याची नोंद फाईलमध्येच असते. मी जन्मतारखांचा रकाना तेवढा उचलून नव्या फाईलमध्ये चिकटवला आणि सगळे नातेवाईक चार वर्षे एक दिवसाने मोठे झाले. सर्वांनाच सारखे वय चढल्यामुळे महिनाभर कोणाच्या लक्षात आले नाही. फरक नेमका १,४६२ दिवसांचा असतो. एका रिकाम्या चौकोनात तो आकडा लिहून 'पेस्ट स्पेशल'मधून रकान्यात मिळवला आणि सगळे पूर्ववत तरुण झाले.

तिथले पेजेस आणि नंबर्स मला मनापासून आवडत, पण विंडोजवर ते फार तर ब्राउझरमधून वापरता येतात. मॅक सोडणार असाल, तर तो हातात असतानाच सगळे एक्स्पोर्ट करून घ्या.

झिपवाला
कोणी लिहिले नाही म्हणून दोन गोष्टी. वर्डला तुम्ही वर्षानुवर्षे शिकवलेले शब्द कस्टम डिक्शनरीच्या फाईलमध्ये असतात आणि नेहमीची मांडणी, मॅक्रो वगैरे नॉर्मल या टेम्प्लेटमध्ये. कागदपत्रांचे फोल्डर हलवले की या दोन्ही फायली मागे राहतात, कारण त्या वापरकर्त्याच्या लपलेल्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये बसलेल्या असतात. मी त्या विसरलो आणि नव्या वर्डने माझ्या आडनावाखाली पुन्हा लाल रेघ मारली, तेव्हा मला अपमान झाल्यासारखे वाटले.

दुसरे म्हणजे डीओसीएक्स ही फाईल मुळात झिपचे गाठोडे असते. नव्या संगणकावर कोणतेच ऑफिस नसताना मी एका फाईलच्या प्रतीला झिप असे नाव दिले, ती उघडली आणि आतल्या मीडिया नावाच्या फोल्डरमधून सगळी छायाचित्रे मूळ आकारात काढून घेतली.

ओटीएफ_नव्हे_ओडीएफ
धागाकर्तीने तेव्हा ओपनऑफिस वापरले, म्हणून एक खुलासा करतो. २०१० मध्ये त्या प्रकल्पातले बरेच लोक बाहेर पडले आणि त्यांनी लिब्रेऑफिस सुरू केले. आज नव्याने घ्यायचे असेल, तर लिब्रेऑफिसच घ्यावे. माझ्या स्वतःच्या फायली मी लिब्रेऑफिसच्या ओडीटी प्रकारात ठेवतो. हा प्रकार २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे मानक आहे. डीओसीएक्सचे मानकही २००८ मध्ये आले, पण माझा जीव पहिल्यातच रमला. ज्यांच्याशी फायलींची देवाणघेवाण आहे, त्यांना मात्र मी निमूटपणे डीओसीएक्स पाठवतो, कारण तत्त्वासाठी संपादकांशी भांडण्याचे माझे वय गेले. फाईल उलटसुलट फिरणार असेल, तर दोन्ही बाजूंना एकच सॉफ्टवेअर असलेले बरे. ट्रॅक चेंजेस (केलेल्या बदलांच्या खुणा) आणि टिपा चार-पाच फेऱ्यांत हमखास विस्कटतात.

पानोपानी
सर्वांचे आभार. माझ्या फायली मुख्यतः माझ्यापुरत्याच असतात, म्हणून तूर्त पैसे न भरता लिब्रेऑफिस टाकले आहे आणि जुना लॅपटॉप महिनाभर तसाच शेजारी ठेवणार आहे. कस्टम डिक्शनरी आणि फॉण्ट आज सकाळी आणले. त्यानंतर धीर करून तो प्रबंध उघडला. २१२ पाने असायला हवीत, २१३ भरली आहेत. अनुक्रमणिकेचे सगळे आकडे जुळतात, म्हणजे जास्तीचे पान कुठेतरी शेवटी असणार.

अर्धविराम
प्रबंधाच्या शेवटी तक्ता आहे का? असल्यास त्याच्या खालचा रिकामा परिच्छेद पुढच्या पानावर पडला असेल. त्या परिच्छेदातल्या अक्षरांचा आकार १ करून पाहा.

पानोपानी
तक्ताच आहे. केले, २१२ झाली.