मॉरिस मायनर १००० : रेस वाढवली की लाल दिवा पुन्हा पेटतो, बॅटरी चार्ज होत नाही

धरमपेठकर_५९

गाडी १९५९ ची मॉरिस मायनर १०००, ९४८ सीसी, १२ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला). डायनामो (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) लुकास सी४०, कटआउट बॉक्स आरबी१०६/२, म्हणजे दोन कॉइलवाला: एक कटआउटची, एक रेग्युलेटरची. डेंटिंग-पेंटिंग होऊन गाडी नुकतीच परत आली, तेव्हापासून हा त्रास सुरू आहे.

चावी दिली की इग्निशनचा लाल दिवा पेटतो. इंजिन सुरू करून थोडी रेस दिली की विझतो. इथपर्यंत बरोबर. पण आणखी रेस दिली की परत पेटतो, आणि रेस जितकी जास्त तितका लख्ख होऊन राहिला. चार्जरवरून काढलेली बॅटरी १२.६ दाखवते, वर्धा रोडला एक चक्कर मारून आलं की १२.१. डायनामोच्या बॉडीला हात लावला तर चटका बसतो. एक मिस्त्री म्हणतात आर्मेचर (डायनामोचा आतला फिरणारा भाग) गेलं, रिवाइंड करा. दुसरे म्हणतात कटआउटचे स्क्रू फिरवून पाहू. आधी काय करावं?

कटआउट_काका

भाऊ, पहिलं काम म्हणजे स्क्रूला कोणालाच हात लावू देऊ नका. तुमच्या दिव्यानेच अर्धं निदान करून दिलं आहे.

दिव्याचं एक टोक इग्निशन स्विचकडे, म्हणजे बॅटरीकडे असतं, दुसरं डायनामोच्या डी वर, म्हणजे वीज बाहेर येते त्या टर्मिनलवर. दोन्हीकडे सारखं व्होल्टेज आलं की तो विझतो. डी कमी असला तरी पेटतो, आणि डी बॅटरीपेक्षा वर गेला तरी पेटतोच. तुमचा दिवा मध्ये एकदा विझतो, याचा अर्थ डी खालून वर चढत बॅटरीच्या व्होल्टेजला ओलांडून पुढे जातो. डायनामो वीज बनवतोय. ती बॅटरीपर्यंत पोचत नाही, म्हणजे कटआउटचे (डायनामोला बॅटरीशी जोडणाऱ्या आपोआप स्विचचे) पॉइंट मिटत नाहीत. पोलॅरिटी उलटी झाली असती तर दिवा मध्ये विझलाच नसता.

नुसते कटआउटचे पॉइंट खराब असते तर रेग्युलेटरने, म्हणजे व्होल्टेज आवरणाऱ्या भागाने, डी ला १६ च्या आसपास धरलं असतं. बॅटरीशी फरक साडेतीन-चार व्होल्टचा, दिवा मिणमिणता. तुमचा लख्ख पेटतो, म्हणजे फरक बराच मोठा आहे आणि रेग्युलेटरही काम करत नाही. दोन्ही कॉइल एकदमच बसल्या असं क्वचित होतं. मला दोघांच्या सामाईक जागेचा संशय येतो.

तरी डायनामो आधी सिद्ध करून घ्या. डायनामोवरच्या डी (मोठा) आणि एफ (लहान) दोन्ही वायरी काढा. दोन्ही टर्मिनल उघड्या तारेच्या तुकड्याने जोडा. मीटर २०० डीसीवर, लाल टोक बॉडीला, काळं त्या तारेला. पॉझिटिव्ह अर्थ आहे हे विसरू नका. मग रेस हळूहळू वाढवा. साधारण १००० आरपीएमच्या आतच काटा झपाट्याने चढला पाहिजे. २० च्या वर जाऊ देऊ नका, लगेच सोडा. काहीच आलं नाही तर कार्बन (ब्रश) अडकलेत किंवा संपलेत. अर्धा-एक व्होल्टवर थांबलं तर फील्डमध्ये (एफ ला जोडलेल्या, चुंबक बनवणाऱ्या कॉइलमध्ये) दोष. चार-पाच व्होल्टवर अडलं, तरच आर्मेचरचा विचार करा.

ऑटोप्रेमी_सदर

एवढी झंझट काहून करता? छोटा अल्टरनेटर टाकून द्या, ब्रॅकेट कोणीही बनवून देतो.

कामठीरोड_गॅरेज

बाजारातले अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थचे असतात. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीला तसाच जोडला तर वायर टेकताच डायोड उडतील. आधी सगळ्या गाडीची पोलॅरिटी उलटी करावी लागेल, आणि मूळ वस्तू चांगली असताना ते कशाला?

काकांचा संशय बरोबर वाटतो, मी नाव घेऊन सांगतो: बॉक्सचं ई (अर्थचं) टर्मिनल पाहा. रेग्युलेटर आणि कटआउट, दोघांच्या बारीक तारेच्या कॉइल डी पासून निघून ई वर संपतात. ई ला अर्थ नाही तर दोन्ही कॉइलमध्ये करंट नाही. मग कटआउट मिटत नाही, आणि रेग्युलेटरचे पॉइंट उघडत नाहीत, म्हणून फील्डला पूर्ण डी मिळत राहतो. डी वाढला की फील्ड वाढतं, फील्ड वाढलं की डी आणखी वाढतो. रंगकामानंतरच हे सुरू झालं आहे. ई ची काळी वायर ज्या स्क्रूने बॉडीला बसते, त्याच्याखाली रंग आणि पुट्टी असणार.

चटका का बसतो तेही सांगतो. सी४० च्या फील्डचा रेझिस्टन्स साधारण ६ ओहम. १२ व्होल्टला २ अँपियर. २४ व्होल्ट गेले तर ४ अँपियर, आणि उष्णता चौपट. आर्मेचरमधून बाहेर काही जातच नाही, म्हणून भाजते ती फील्ड कॉइल. दोष निघेपर्यंत गाडी फिरवू नका. अगदीच नेणं भाग असेल तर डायनामोची एफ वायर काढून टेप लावा आणि बॅटरीच्या भरवशावर जवळच जा.

मोजायचं असं: इंजिन चालू, मीटरचं एक टोक ई वर, दुसरं थेट बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर. ०.१ व्होल्टच्या आत हवं.

धरमपेठकर_५९

मोजलं. डी-एफ जोडून डायनामो एकटा: रेस थोडी वाढवताच १८, लगेच सोडली. वायरी परत लावून मध्यम रेसवर डी ला २४. ई ते बॅटरी पॉझिटिव्ह: २३ च्या वर! ई ची वायर बॉक्सवर घट्ट आहे, पण बॉडीकडच्या स्क्रूखाली खरंच रंगाचा थर आहे. आता खरडून लावू का, की नवीन वायर ओढू? आणि डायनामोचं काही नुकसान झालं असेल का?

कामठीरोड_गॅरेज

दोन्ही करा. स्क्रूखाली रुपयाएवढी जागा उघड्या पत्र्यापर्यंत खरडा, दातेरी वॉशर टाका, कसा, मग वरून व्हॅसलीन. पावसाळ्यात तिथे गंज धरतो. शिवाय ई वरून २.५ चौरस मिमीची एक वायर बॅटरीच्या अर्थ पट्टीच्या बोल्टवर न्या. पट्टीचा बोल्टही उघडून पाहा, रंगवाल्याने तोही सोडलेला नसतो.

डायनामोसाठी: मागच्या झाकणाचे दोन लांब बोल्ट काढून ते बाहेर ओढा. आत कथलाचे शिंतोडे दिसले तर कम्युटेटरचं (कार्बन घासतात त्या तांब्याच्या भागाचं) सोल्डर वितळलं आहे, ते आर्मेचर नीट केल्याशिवाय बसवू नका. शिंतोडे नसतील तर एफ ते बॉडी ओहम मोजा: ६ च्या जवळ असेल तर फील्ड वाचलं, ४ च्या खाली आलं तर आतले वेढे एकमेकांना चिकटलेत. कार्बन सरकतात का पाहा. ७ मिमीपेक्षा आखूड झाले असतील तर बदला. कम्युटेटर काळा असेल तर बारीक काचकागदाने पुसा, एमरी नको, तिची कणी तांब्यात रुतून बसते. खाचांतला अभ्रक तांब्याच्या बरोबरीला आला असेल तर हॅक्सॉ ब्लेड घासून बारीक करून अर्धा मिमी खोल काढा. मागच्या बुशच्या भोकात इंजिन ऑइलचे तीन-चार थेंब, जास्त नाही. जादा तेल उडून कम्युटेटरवर जातं.

कटआउट_काका

हे झालं की मगच सेटिंग तपासा, तेही फक्त तपासा. कटआउटचे पॉइंट इतके दिवस उघडेच राहिले, त्यांच्यावर थर असेल. ते चांदीचे असतात; काचकागदाची पट्टी मधून ओढा, मग स्पिरिटची चिंधी. रेग्युलेटरचे टंगस्टनचे, तिथे बारीक कार्बोरंडमचा दगड चालतो. अदलाबदल करू नका.

व्होल्टेज पाहताना ए आणि ए१ च्या (बॅटरी आणि इग्निशनकडे जाणाऱ्या) वायरी बॉक्सवरून काढून एकमेकींना जोडा आणि टेप लावा. त्यामुळे इग्निशन चालू राहतं आणि बॉक्स बॅटरीपासून सुटतो. मीटर डी आणि ई मध्ये. रेस हळूहळू वाढवा, काटा एका जागी थबकेल. २० अंशांना १६ ते १६.५ च्या दरम्यान हवा, गरम हवेत किंचित खाली. सगळं ३० सेकंदांत आटोपा, कारण कॉइल तापली की आकडा फसवतो. म्हणूनच नागपूरच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता बॉनेट उघडून हे करू नका. सकाळी, थंड इंजिनवर करा. आकडा चुकत असेल तर लॉकनट सैल करून स्क्रू पाव फेऱ्यापेक्षाही कमी फिरवा; आत गेला की व्होल्टेज वाढतं. कटआउट १२.७ ते १३.३ मध्ये मिटला पाहिजे. ए, ए१ परत लावल्यावर हा आवाज ऐकू येतो, टक्क असा.

धरमपेठकर_५९

खरडून लावलं, वेगळी वायरही टाकली. ई वर आता ०.०४. ओहम ५.९, शिंतोडे नाहीत. दिवा विझतो आणि विझलेलाच राहतो, बॅटरीवर १४.२. फक्त सिग्नलला उभं राहिलं की हलकासा मिणमिणतो. आणि हेडलाइट फार मंद आहेत, ५५/६० चे हॅलोजन टाकले तर चालेल?

कामठीरोड_गॅरेज

मिणमिणणं बरोबर आहे. सी४० साधारण १४५० फेऱ्यांना, म्हणजे डायनामोच्या स्वतःच्या फेऱ्यांना, चार्ज सुरू करतो. आयडलिंगला तो तिथे पोचत नाही. बेल्ट मधोमध दाबून १३ मिमी दबला पाहिजे, एवढंच बघा.

हॅलोजनचा हिशेब करा. सी४० ची मर्यादा २२ अँपियर. ६० वॅटचे दोन म्हणजे १० अँपियर, इग्निशन कॉइल ३-४, मागचे दिवे, वायपर, हॉर्न. चालत्या गाडीत भागेल, पण सीताबर्डीच्या गर्दीत रात्री उभे राहिलात तर सगळं बॅटरीतून जाईल. शिवाय जुना लाइट स्विच आणि वायर एवढ्या करंटसाठी नाहीत. टाकायचेच असतील तर रिले लावा, नाहीतर स्विच जळेल. आधी हेडलाइटच्या अर्थ वायरी बघा. त्याही त्याच रंगाखाली गेल्या असतील, आणि मंद प्रकाशाचं कारण तिथेच सापडेल.