मदत हवी आहे: खेळायचे शंभर पत्ते छापून कुठे मिळतील? (राजापूर, रत्नागिरी, कणकवली)

अर्जुनाकाठ | सोमवार, रात्री ९.२०

नमस्कार. मला शंभर पत्ते छापून हवे आहेत आणि गणपतीला आता अठराच दिवस उरले आहेत. मागच्या आठवड्यात रत्नागिरीत एका ठिकाणी छापून घेतले, पण ते पुसट आले, हाताला मऊ लागतात आणि एकावर एक ठेवले तर कडा जुळत नाहीत. तयार प्रॉक्सी विकत मिळत असतील तर तेही चालतील. राजापूरहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर हे काम नीट करून देणारे कोणी माहीत असेल तर कृपया लवकर सांगावे, कारण चतुर्थीच्या आधीचा आठवडा घराची साफसफाई आणि मखर यांतच जातो व तेव्हा मला बाहेर पडता येणार नाही.

देवगडी | सोमवार, रात्री ९.४१

शंभर पत्ते म्हणजे दोन कॅट झाले. ते छापून कशाला घ्यायचे? बाजारात कोणत्याही दुकानात मिळतील. फक्त कागदी घेऊ नका, प्लास्टिकचे घ्या. आमच्याकडे गौरी-गणपतीत रात्रभर रमीचा डाव चालतो, आणि दमट हवेत कागदी पत्ते दुसऱ्या दिवशीच एकमेकांना चिकटू लागतात. प्लास्टिकचे पत्ते ओल्या फडक्याने पुसून घेतले की वर्षानुवर्षे टिकतात, हा माझा अनुभव आहे.

ऑफसेटवाला | सोमवार, रात्री १०.०५

मी वीस वर्षे छपाईच्या धंद्यात आहे. मदत करायची इच्छा आहे, पण तुम्ही दिलेल्या माहितीवरून काहीच ठरवता येत नाही. कोणता खेळ आहे? पत्त्याचे माप काय? चित्रे कोणत्या आकाराची होती आणि छापखान्यात कशी पाठवली होती? कागद किती जीएसएमचा, म्हणजे किती वजनाचा-जाडीचा, वापरला? पत्ते स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या पाकिटांत, घालणार की तसेच खेळणार? आणि जे छापून आले आहेत त्यांतला एक पत्ता पट्टीने मोजून रुंदी व उंची मिलिमीटरमध्ये सांगा.

अर्जुनाकाठ | सोमवार, रात्री १०.३०

प्रॉक्सी, म्हणजे खऱ्या पत्त्याऐवजी खेळायला वापरायची छापील प्रत, म्हटल्यावर लक्षात येईल असे मला वाटले होते. खेळ मॅजिक: द गॅदरिंग हा पत्ते जमवून खेळायचा खेळ आहे आणि आम्ही त्यातला कमांडर हा प्रकार खेळतो, म्हणजे एक म्होरक्या पत्ता व बाकीचे नव्व्याण्णव असा शंभरांचा डेक. माझे दोन चुलत भाऊ डोंबिवलीला असतात आणि त्यांच्याकडे खरे पत्ते आहेत. गेल्या वर्षी पाचही दिवस मी शेजारी बसून नुसता बघत होतो. या वर्षी मला माझा स्वतःचा डेक घेऊन त्यांच्यासमोर बसायचे आहे. चित्रे मोबाइलवरून पाठवली. कागद जाड द्या असे सांगितले होते, जीएसएम विचारले नाही. पट्टीने मोजले तर रुंदी ६१ आणि उंची साधारण ८५ भरते. आता जागा सांगा.

जुना_डाव | सोमवार, रात्री ११.१२

आपण छापखाना शोधूच नका. साध्या ८० जीएसएमच्या कागदावर घरच्या किंवा सायबर कॅफेतल्या प्रिंटरवर चित्रे छापा, कात्रीने कापा आणि मागची बाजू न दिसणाऱ्या स्लीव्हमध्ये साध्या पत्त्यापुढे सरकवा. देवगडी यांनी सांगितलेले दोन कॅट इथे उपयोगाला येतात, कारण बावन्न दुणे एकशे चार होतात आणि आपले काम शंभरात भागते. मी अशाच डेकवर सात वर्षे खेळलो आहे.

ऑफसेटवाला | मंगळवार, सकाळी ७.५०

अर्जुनाकाठ, तुमची अडचण मोजमापातच सापडली. मॅजिकचा पत्ता ६३ गुणिले ८८ मिलिमीटरचा असतो. तुमचा ६१ आणि ८५ भरतो आहे, म्हणजे संगणकावर ‘पानात बसवा’ हा पर्याय निवडलेला राहिला आणि सगळे पान सुमारे ९७ टक्क्यांवर छापले गेले. छापणाऱ्याला ‘शंभर टक्के, मूळ मापात’ एवढे सांगितले असते तर हे झाले नसते. पुसट येण्याचे कारण बहुधा मोबाइल आहे. चित्र फोटो म्हणून पाठवले की त्याचा आकार वाटेतच घटतो, म्हणून फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी किंवा पेनड्राइव्हवर न्यावी. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) या पत्त्यासाठी साधारण ७४५ गुणिले १०४० पिक्सेल लागतात, आणि स्क्रायफॉल या मॅजिकच्या पत्त्यांच्या संकेतस्थळावर पीएनजी स्वरूपातली चित्रे नेमकी याच मापाची मिळतात. त्याहून लहान चित्र घेतले तर नियमांचा बारीक मजकूर आधी जातो, आणि खेळताना तोच वाचायचा असतो.

जुना_डाव यांची पद्धत चालते, पण तिची जाडी विसरू नका. साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे शंभर पत्त्यांच्या गठ्ठ्यात सेंटीमीटरभर वाढ होते आणि पत्ते पिसताना हातात मावत नाहीत.

जुना_डाव | मंगळवार, सकाळी ८.३५

हात लहान असतील तर गठ्ठा दोन भागांत पिसावा, त्यात अवघड काही नाही. छापखान्यात एक चूक झाली की शंभरच्या शंभर पत्ते वाया जातात आणि पैसेही जातात. कागदाची चिठ्ठी चुकली तर दुसरी छापता येते. त्यांचे पैसे एकदा गेलेच आहेत, मग पुन्हा तोच धोका त्यांनी का पत्करावा?

ऑफसेटवाला | मंगळवार, सकाळी ९.०२

म्हणूनच आधी प्रूफ काढायचे असते. एक शीट छापून, कापून, पट्टी लावून बघायची आणि मगच बाकीच्यांना हो म्हणायचे. शिवाय तुमच्या पद्धतीत काही पत्ते खरे आणि काही चिठ्ठी घातलेले असे मिसळले, तर जाड पत्ता पिसताना बोटाला कळतो. कोणी मुद्दाम करत नसले तरी ते खुणेचे पत्ते ठरतात. करायचे तर सगळेच एका जाडीचे करावेत.

मांडवीचा_प्रवासी | मंगळवार, दुपारी १.१५

मला एक मूलभूत प्रश्न विचारायचा आहे. कंपनीचे चित्र, कंपनीचा मजकूर, आणि आपण ते फुकट छापून घेणार, हे योग्य आहे का? मी पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला काढून पत्ते घेतले आहेत. स्वस्त पत्ते घेऊन साधा डेक बांधला तर त्यातही तेवढाच आनंद मिळतो.

जुना_डाव | मंगळवार, दुपारी २.००

या बाबतीत कंपनीनेच २०१६ साली भूमिका स्पष्ट केली आहे. घरी, मित्रांत, पैशांचा व्यवहार न करता चाचणीसाठी बनवलेल्या पत्त्यांमागे लागण्याचा आपला हेतू नाही, मात्र मान्यताप्राप्त स्पर्धेत खरेच पत्ते लागतील आणि बनावट पत्त्यांना आपला विरोध राहील, असा तिचा आशय होता. स्पर्धेत प्रॉक्सी देण्याचा अधिकार पंचाचा असतो, आणि तोही खेळता खेळता एखादा खरा पत्ता खराब झाला अशा मोजक्या प्रसंगी. तेव्हा प्रश्न कुठे खेळणार याचा आहे. अर्जुनाकाठ ओटीवर भावांबरोबर खेळणार आहेत. त्यात कोणाचे नुकसान आहे असे मला वाटत नाही.

आणखी एक. काही पत्ते पगारातून पैसे बाजूला काढूनही परवडत नाहीत. १९९३ च्या पहिल्या संचातले ड्युअल लँड (दोन रंगांची शक्ती देणारे जमिनीचे पत्ते) कंपनीच्या राखीव यादीत आहेत. ती यादी १९९६ पासून आहे आणि तीतले पत्ते स्पर्धेत चालतील अशा रूपात पुन्हा छापायचे नाहीत, असे कंपनीचे वचन आहे. बाजारात आहेत तेवढेच पत्ते फिरत राहतात, मग किंमत वाढणारच.

मांडवीचा_प्रवासी | मंगळवार, दुपारी २.४०

ओटीवरच्या खेळाला माझी हरकत नाही, ते मान्य करतो. पण अर्जुनाकाठ यांनी ‘तयार प्रॉक्सी विकत मिळाल्या तर चालतील’ असेही लिहिले आहे. मागची बाजू हुबेहूब मूळ पत्त्यासारखी असलेले पत्ते जे विकतात, ते बनावट माल विकतात. आज तुम्ही घरी खेळाल, पण पाच वर्षांनी तोच पत्ता कोणाच्या तरी हातात खरा म्हणून जाईल. ते कृपया घेऊ नका, आणि स्वतः छापतानाही मूळ पाठ छापू नका.

अर्जुनाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ६.१०

पाठ कोरीच ठेवणार आहे आणि विकतचा विचार सोडून दिला आहे. स्लीव्ह भाऊ आणणार आहे, काळ्या पाठीच्या. पण अजून एकाही सदस्याने जागा सांगितलेली नाही. आज आणखी एक दिवस गेला.

सावंतवाडीकर | मंगळवार, रात्री ८.२५

पत्त्यांचा विषय निघाला आहे आणि आपण कोकणातले आहोत, म्हणून लिहितो. आमच्या सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही गंजिफा हाताने रंगवल्या जातात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत मिळून बारा पत्ते, असे एकूण १२० गोल पत्ते असतात. त्यावरचे लाखकाम जवळून पाहिले की छापील पत्ता हातात धरावासा वाटत नाही. डोंबिवलीहून भाऊ येणारच आहेत तर त्यांना एकदा घेऊन या.

अर्जुनाकाठ | मंगळवार, रात्री ८.४०

गंजिफा मी पाहिल्या आहेत आणि त्या मला मनापासून आवडतात. पण मला आत्ता ६३ गुणिले ८८ चे शंभर पत्ते हवे आहेत.

देवगडी | मंगळवार, रात्री ९.३०

मला आधी खेळ कळला नव्हता, क्षमस्व. माझ्या पुतण्याकडेही असे पत्ते आहेत. त्यांतले चमकणारे पत्ते पावसाळ्यात धनुष्यासारखे वाकतात. आम्ही ते तांदळाच्या डब्यात ठेवतो. तुम्ही छापलेत तर वरून लॅमिनेशन नक्की करून घ्या, म्हणजे पाणी लागणार नाही.

ऑफसेटवाला | मंगळवार, रात्री १०.१५

लॅमिनेशन एका बाजूला करू नका, एवढे कळकळीने सांगतो. एका बाजूला प्लास्टिक बसले की ती बाजू हवेतला ओलावा घेत नाही. दुसऱ्या बाजूचा उघडा कागद तो घेतो व फुगतो, आणि पत्ता प्लास्टिकच्या बाजूला वळतो. पुतण्याच्या चमकत्या पत्त्यांचेही हेच होते, कारण त्यांच्या एकाच अंगाला चमकीचा थर असतो. कोकणातल्या श्रावण-भाद्रपदात हे एका रात्रीत दिसते. लॅमिनेशन करायचे तर दोन्ही बाजूंनी मॅट करावे, नाहीतर मुळीच करू नये. स्लीव्ह आहेत तर त्याची गरजही नाही. तांदळात पिठी असते आणि ती पत्त्यांना लागते. त्यापेक्षा बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या हवाबंद डब्यात टाकाव्यात.

आता जागेचे. छापखान्याचे नाव कशाला हवे? व्हिजिटिंग कार्डे छापणारी कोणतीही डिजिटल प्रेस हे काम करू शकते आणि कणकवलीत अशा प्रेस आहेत. तिथे जाऊन ‘प्रॉक्सी’ हा शब्द उच्चारू नका, तो कोणाला कळणार नाही. असे सांगा: ३०० जीएसएम आर्ट कार्ड, बारा बाय अठरा इंचाची शीट, एका बाजूला रंगीत, शंभर टक्के मापात, आधी एक प्रूफ. पत्ते आडवे लावले तर एका ओळीत तीन आणि अशा सात ओळी, म्हणजे शीटवर एकवीस बसतात, पाच शीटमध्ये तुमचे काम होते आणि पाच जागा उरतात. पत्त्यांना काळी किनार आहे, म्हणून मध्ये फट न ठेवता एकमेकांना चिकटवून लावा. एकाच कापात दोन्ही कडा निघतात आणि सुरी केसभर सरकली तरी काळ्यातच राहते. कटिंग मशीनवरच कापून घ्या, हाताने नको. सध्या सगळ्या प्रेसमध्ये गणपतीचे बॅनर आणि आरतीची पुस्तके चालू असणार, म्हणून सकाळी दुकान उघडताच पोहोचा.

अर्जुनाकाठ | मंगळवार, रात्री १०.५०

हे नेमके हवे होते. फक्त एक राहिले, ते आधी सांगायला हवे होते. तीन पत्ते दोन्ही बाजूंनी छापलेले आहेत, पलटल्यावर दुसरे चित्र येते.

ऑफसेटवाला | मंगळवार, रात्री ११.०५

दोन्ही बाजू एकाच शीटवर छापल्या तर पुढचे-मागचे मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकते. ते करू नका.

जुना_डाव | मंगळवार, रात्री ११.२०

तीन पत्त्यांच्या सहाही बाजू वेगवेगळ्या पत्त्यांसारख्या एका बाजूने छापा. तीन जास्तीच्या जागा लागतील आणि तुमच्याकडे पाच शिल्लक आहेत. पुढची बाजू डेकमध्ये ठेवा, मागची बाजू वेगळ्या स्लीव्हमध्ये शेजारी ठेवा आणि पत्ता पलटला की ती वर ठेवा. खऱ्या पत्त्यांनी खेळतानाही डेकमध्ये बदली पत्ता ठेवण्याची सोय आहेच, त्यामुळे यावर कोणी हरकत घेणार नाही.

अर्जुनाकाठ | शुक्रवार, रात्री ८.००

काल पहिल्या एसटीने कणकवलीला गेलो. मांडणी मी आदल्या रात्री करून पेनड्राइव्हवर घेतली होती. मशीनवरच्या माणसाने फाइल उघडली तेव्हा पडद्यावर पुन्हा ९७ टक्केच दिसत होते. मी थांबवले नसते तर पुन्हा तेच झाले असते. प्रूफ कापल्यावर भावाने दिलेला एक खरा बेसिक लँड (जमिनीचा साधा पत्ता) त्यावर ठेवून पाहिला, चारही कडांवरून नखाने फिरवले, कुठेही नख अडकले नाही. फक्त कोपरे टोकदार होते. त्यांच्याकडे कोपरे गोल करण्याचे हातयंत्र होते, त्याने तीन मिलिमीटरचे गोल करून दिले. एकशे तीन पत्ते झाले. काळा रंग पडद्यावर दिसतो त्यापेक्षा गडद उतरला आहे आणि दोन-तीन रात्रीच्या चित्रांतले तपशील बुडाले आहेत, ती चित्रे आधी थोडी उजळ करून घ्यायला हवी होती. बारीक मजकूर मात्र दिव्याखाली स्पष्ट वाचता येतो.

ऑफसेटवाला आणि जुना_डाव, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. सोमवारी मी उतावीळपणे लिहिले, त्याबद्दल क्षमा असावी.

गुहागर_किनारा | शुक्रवार, रात्री ९.१५

धागा वाचून हुरूप आला. माझ्या मुलीला यु-गि-ओचे पत्ते हवे आहेत. हीच मांडणी चालेल का?

ऑफसेटवाला | शुक्रवार, रात्री ९.३०

नाही चालणार. त्यांचे माप ५९ गुणिले ८६ आहे, त्यामुळे मांडणी नव्याने करावी लागेल आणि स्लीव्हही लहान आकाराच्या घ्याव्या लागतील. किती पत्ते हवेत आणि चित्रे कुठून घेतली आहेत, ते आधी सांगा.