मदत हवी आहे : पाच दिवस खुर्ची, दोन दिवस शेत आणि कुरकुरणारे गुडघे

खुर्चीबहाद्दर

नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो.

वय ४४, उंची १७० सेंमी, वजन ८२ किलो. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत नऊ-दहा तास खुर्चीत. शनिवार-रविवार जुन्नर तालुक्यात घरचं शेत. सध्या टोमॅटोचा तोडा चालू आहे, म्हणजे दिवसाला साठ-सत्तर कॅरेट उचलायची, शिवाय पाठीवरच्या १६ लिटरच्या पंपाने फवारणी.

उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखतं. जिना उतरताना जास्त, चढताना कमी. बराच वेळ बसून उठलं की पहिली चार पावलं लंगडत. कटकट आवाज येतो. रविवारी संध्याकाळी कंबर धरते ती मंगळवारी सुटते.

दुसरा प्रश्न आईचा. वय ६७, दोन्ही गुडघे दुखतात, एक्सरेत 'गॅप कमी झाली आहे' असं सांगितलंय. खुरपणीला जाणं सोडत नाही.

दोघांनाही एकच सल्ला मिळालाय : जिना बंद, खाली बसणं बंद, चाला. आठवड्यात शेतात एवढी अंगमेहनत होत असताना वेगळा व्यायाम लागतो का? आणि लागत असेल तर नेमका कोणता, किती?

मणकेबाज

आधी ही उत्तरं द्या. गुडघा सुजतो का? मध्येच अडकतो का, म्हणजे ना सरळ होत ना वाकत असा? चालताना अचानक दगा देतो का? सकाळचा आखडलेपणा किती मिनिटं टिकतो? रात्री झोपेतून उठवेल असं दुखतं का? कंबरेतून पायात मुंग्या किंवा बधिरपणा उतरतो का?

यातलं काहीही 'हो' असेल, किंवा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या वर टिकत असेल, तर आधी डॉक्टर. गुडघा गरम, लाल आणि सोबत ताप असेल, किंवा कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूची संवेदना गेली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

खुर्चीबहाद्दर

सगळ्याला नाही. सकाळी दहा मिनिटांत मोकळा होतो. आईचाही साधारण पंधरा मिनिटांत.

मणकेबाज

मग तुमचं दुखणं वाटीच्या सांध्याचं दिसतंय. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत ब्रेक लावत असतो, त्यामुळे वाटी मागच्या हाडावर जास्त दाबली जाते. स्नायू कच्चा असेल तर तो ब्रेक नीट लागत नाही आणि गुडघा आत वळतो. आवाजाचं मनावर घेऊ नका, न दुखता येणारा आवाज निरुपद्रवी असतो.

जिना बंद केल्याने दुखणं दोन आठवडे कमी होईल आणि स्नायू आणखी कच्चा होईल. मग शनिवारी तोच पाय वीस किलोचं कॅरेट घेऊन वाफ्यातून चालणार. तुमची खरी अडचण इथे आहे : पाच दिवस शून्य भार, सहाव्या दिवशी पूर्ण भार. सांध्याला काम चालतं, अशी उडी चालत नाही. आणि शेतातली मेहनत व्यायामाची जागा घेत नाही, कारण तिथे भार तुमच्या ताकदीप्रमाणे ठरत नाही, तोड्याप्रमाणे ठरतो.

सोमवारी आणि बुधवारी करायचं :

खुर्चीवरून उठणं. १८ इंच उंचीची, चाकं नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून. हात छातीवर. बसताना तीन आकडे मोजत खाली, टेकल्याबरोबर वर. टाचा जमिनीवर, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने. १० वेळा, असे तीन फेरे, मध्ये दीड मिनिट थांबून. दुखणं दहापैकी चारच्या वर गेलं तर खुर्चीवर दोन-तीन इंचांची घट्ट घडी टाका. उंची वाढली की गुडघा कमी वाकतो आणि दाब उतरतो. तीन फेरे १२-१२ सहज जमले की घडी काढा, नंतर पाण्याच्या बाटल्या भरलेली पाच किलोची बॅग छातीशी धरा.

पायरी उतरणं. जिन्याची नेहमीची पायरी सहा-सात इंचांची असते, सुरुवातीला ती नको. जाड पाट घ्या, चार इंचांपर्यंतचा, रबरी चटईवर आणि भिंतीशेजारी. नुसता फरशीवर ठेवला तर सरकतो. दुखरा पाय पाटावर, दुसऱ्या पायाची टाच हळू जमिनीला लावायची आणि परत वर. ८ वेळा, दोन फेरे. आरशासमोर करा. कमरेची एक बाजू खाली पडत असेल किंवा गुडघा आत झुकत असेल तर आकडा कमी करा, पण चुकीचं करू नका.

शिवाय पाठीवर झोपून कंबर उचलणं (सेतुबंध), वर पाच सेकंद थांबून १० वेळा, तीन फेरे. आणि उभ्याने टाचा उचलणं १५ वेळा.

किती दुखलेलं चालेल? करताना चारपर्यंत. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला नेहमीइतकंच असायला हवं. वाढलेलं राहिलं तर पुढच्या वेळी एक फेरा कमी. बहुतेकांचं गणित दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चुकतं : बरं वाटायला लागतं आणि एकदम दुप्पट करतात. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, पण स्नायू हाडाला जोडणाऱ्या बंधाला महिने लागतात. सहा ते आठ आठवडे धरून चाला.

तालीमदार

खुर्ची कशाला हवी? रोज पन्नास बैठका आणि बारा सूर्यनमस्कार घातले की कंबर-गुडघे दोन्ही सुतासारखे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय.

मणकेबाज

बैठक वाईट नाही, पण तालमीतली बैठक टाचा उचलून चवड्यांवर घालतात आणि पूर्ण खाली जातात. त्यात गुडघा बोटांच्या बराच पुढे जातो आणि वाटीवरचा दाब खूप वाढतो. चौदाव्या वर्षापासून घालणाऱ्याला ते पेलतं, चव्वेचाळिसाव्या वर्षी दुखऱ्या वाटीवर एकदम पन्नास पेलणार नाहीत. खुर्चीची बैठक ही त्याच जिन्याची खालची पायरी आहे.

सूर्यनमस्कार जरूर घाला, फक्त अश्वसंचालनात (एक पाय मागे नेतो ते आसन) मागचा गुडघा कडक फरशीवर टेकवू नका, घडी ठेवा. आणि हस्तपादासनात (पुढे वाकून हात पायांशी नेतो ते) गुडघे थोडे वाकवा. पहाटे उठल्या उठल्या तर नाहीच. रात्रभर झोपल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, पहिल्या तासाभरात पुढे वाकण्याचा ताण त्यांच्यावर जास्त येतो.

बांधावरून

कंबरेचं उत्तर गाडीत आहे. हिंजवडीहून दोन-अडीच तास गाडी चालवत यायचं आणि उतरून लगेच कॅरेटला हात घालायचा, इथेच कंबर धरते. बसून बसून मणक्याचे मागचे बंध सैलावलेले असतात. उतरल्यावर आधी दहा मिनिटं बांधावरून चक्कर मारा, तळहात कंबरेवर ठेवून पाच-सहा वेळा सावकाश मागे झुका, मग हलक्या कामाने सुरुवात. सुतळी बांधा, रिकामी कॅरेट पसरा. भरलेली नंतर.

उचलण्याचं : भरलेलं कॅरेट जमिनीवर ठेवूच नका. दोन रिकामी कॅरेट उलटी, एकावर एक, त्यावर तिसरं ठेवून भरा. एक कॅरेट साधारण फूटभर उंच, म्हणजे तिसऱ्याची पकड मांडीच्या वर येते. वाकणं जवळजवळ संपतं. खालून उचलावंच लागलं तर कॅरेट दोन पायांच्या मध्ये ओढून घ्या, पोटाला चिकटवा, मग उठा. हात लांब करून उचललेले वीस किलो कंबरेला अंगाशी धरलेल्या वीस किलोंच्या कितीतरी पट पडतात. गाडीत ठेवताना कंबर पिळू नका, पावलं फिरवा. उचलून वळताना चमक भरते.

बाजारात कॅरेट वीसचं लागतं हे खरं, पण ओळीतून गाडीपर्यंत ते वीसचंच न्यायला हवं असं थोडंच आहे? ओळीतून बारा-तेरा किलो भरून आणा, गाडीजवळ वजन पुरं करा. खेपा वाढतील, कंबर वाचेल.

पंपाचं तर साधं गणित आहे. १६ लिटर पाणी म्हणजे १६ किलो, वर पंप आणि बॅटरीचे पाच-सहा. बावीस किलो झाले. दहा लिटरच भरा. औषधाचं प्रमाण लिटरमागे तेच ठेवायचं, टाकीमागे नाही. इथे लोक चुकतात आणि पीक करपवून घेतात. पंप जमिनीवरून पाठीवर घेऊ नका, गाडीच्या फाळक्यावर किंवा कट्ट्यावर ठेवून पट्ट्यात हात घाला.

रेवा_१४

आईंबद्दल. एक्सरेतली गॅप आणि दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही. एक्सरे वाईट आणि दुखणं माफक, असे पुष्कळ असतात. त्यामुळे आईंना काय जमतं ते बघा. १७ इंचांच्या खुर्चीवरून हात छातीवर ठेवून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयाच्या बाईला ११ च्या खाली येत असतील तर पायांची ताकद कमी आहे, पडण्याचा धोका धरून चाला. शेजारी कोणीतरी उभं राहूनच मोजा.

पहिले दोन आठवडे : पाठीवर झोपून एक पाय दुमडलेला, दुसरा सरळ ठेवून फूटभर उचलणं, पाच सेकंद धरणं, १० वेळा, दोन्ही पाय, दिवसातून दोनदा. मग उंच खुर्चीवरून उठणं, सुरुवातीला हातांचा आधार घेऊन. ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद, तोल सुधारतो.

खुरपणी बंद करा म्हटलं तर ऐकणार नाहीत, म्हणून उकिडवं बसणं बंद करा. नऊ-दहा इंच उंचीचा हलका लाकडी स्टूल वाफ्यात सरकवत न्यायचा. दर वीस मिनिटांनी उठून दोन ओळी चालून यायचं. मोकळ्या पट्ट्यात सायकल कोळपं (चाकावर ढकलत तण काढायचं अवजार), ते उभ्याने चालतं. घरात कमोड नसेल तर संडासात भक्कम दांडा तरी बसवा.

काठी घेतली तर जो गुडघा जास्त दुखतो त्याच्या विरुद्ध हातात. पुष्कळ जण दुखऱ्या बाजूलाच धरतात, का कोण जाणे. काठीची मूठ मनगटाच्या रेषेला यावी, खालचं रबर झिजलं की बदला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

गोळ्यांचं : रोजची वेदनाशामक गोळी दुकानातून आणून खाऊ नये. या वयात रक्तदाब, मूत्रपिंड आणि पोट तिन्हीकडे फटका बसतो. डायक्लोफिनॅकचं मलम गुडघ्यावर बऱ्यापैकी काम करतं आणि अंगात फार कमी जातं, तरी डॉक्टरांना विचारून. ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या आठवड्याला एक असतात, चुकून रोज घेणारे लोक आहेत. तपासणी करून, ठरवून दिलेल्या आठवड्यांपुरत्याच.

खुर्चीबहाद्दर

एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. मी असं बसवलंय : सोम, बुध, शुक्र व्यायाम. रोज दहा हजार पावलं. वजन उतरवायचं. ऑफिसात उभ्याने काम करायचं टेबल मागतो. चालेल?

मणकेबाज

शुक्रवार काढा. शुक्रवारी मांड्या भरून आल्या आणि शनिवारी कॅरेट, म्हणजे मूळ दुखण्याकडेच परत. तोडा आहे तोवर शनिवार हाच जड दिवस धरा. तोडा संपला की शुक्रवार घाला, नाहीतर पाय पुन्हा रिकामे.

दहा हजार हा आकडा १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना रूढ झाला, त्याला पवित्र मानू नका. आज फोनमध्ये जे पडतात त्यात आठवड्याला रोजची पाचशे वाढवा.

वजनाचं मात्र मनावर घ्या. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी उतरतो. पाच किलो हा सध्याचा पल्ला ठेवा. भात-चपाती थोडी कमी करून दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, सोबत अंडी किंवा दही. प्रथिनं न वाढवता नुसतं कमी खाल्लं तर स्नायूही उतरतो.

उभ्याच्या टेबलाने एक आखडलेपण जाऊन दुसरं येतं. त्यापेक्षा लहान, अर्ध्या लिटरची बाटली ठेवा, म्हणजे भरायला उठावंच लागतं. लॅपटॉप उंचावर, कीबोर्ड वेगळा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. आणि बसल्या बसल्या दर तासाला उजवा पाय समोर सरळ करून दहा सेकंद ताठ धरा, पाच वेळा. उठल्यावरची ती लंगडती चार पावलं आधी याने कमी होतील.

बांधावरून

एक राहिलं. शेतात पायात काय घालता? गमबूट असतील तर कॅरेट वाहायला ते नकोत. टाच आत सरकते आणि ढेकळात पाऊल वाकडं पडलं की पीळ थेट गुडघ्यात जातो. फवारणीपुरते गमबूट, तोड्याला नाडी बांधायचे, जाड तळाचे बूट.

खुर्चीबहाद्दर

गमबूटच घालतो, तेही भावाचे, एक नंबर मोठे. या शनिवारी बदलतो. तिसऱ्या आठवड्यानंतर आकडे इथेच टाकेन, आईच्या ३० सेकंदांच्या मोजणीसकट.